तीन पिढ्या घेऊन इमॅजिकाला जाताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

थीम पार्कला जायचं ठरलं की बहुतेक घरांत आजी-आजोबांचं उत्तर ठरलेलं असतं. "आम्ही काय करणार तिथे? तुम्ही या जाऊन." मग आग्रह होतो, ते येतात, आणि दिवसभर एका बाकावर चार पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि नातवाचा ओला टॉवेल सांभाळत बसून राहतात. तिकीट काढलेलं असतं, पण दिवस राखणदारीत जातो. खोपोलीजवळच्या इमॅजिकात हे चित्र दर शनिवार-रविवारी दिसतं आणि मला ते फार लागतं, कारण ही जागा खरं तर त्यांच्यासाठीही बांधलेली आहे. आम्ही सासू-सासरे, दोन मुलं आणि कॉलेजात जाणारा भाचा असा गोतावळा घेऊन जातो. त्यातून जे कळलं ते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी नीट क्रमानं लिहिते आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली की पुढचं नियोजन सोपं जातं. वॉल्ट डिस्नी लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुलींना घेऊन जायचा. मुली मेरी-गो-राउंडवर आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसलेला. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा असायला हवी, हा विचार तिथून आला असं तो स्वतः सांगायचा. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइमला डिस्नीलँड उघडलं. म्हणजे थीम पार्क ही कल्पनाच मुळी बाकावर बसलेल्या माणसाला उठवण्यासाठी निघाली.

आपल्याकडे ज्यांची शाळेची सहल लाँचमधून गोराईच्या एस्सेलवर्ल्डला गेली आहे, त्यांच्या डोक्यात पार्क म्हणजे पाळणे, झोके आणि आरडाओरडा असंच पक्कं बसलं आहे. एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं. ते अ‍ॅम्युझमेंट पार्क होतं: राईड घेतली तर मजा, नाही तर बघत उभं राहायचं. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं ते मनमोहन शेट्टींच्या अ‍ॅडलॅब्जकडून, आणि अ‍ॅडलॅब्ज ही मूळची सिनेमाच्या धंद्यातली कंपनी. त्यामुळे इथे प्रचंड पडदे, नेपथ्य, अंधारातून गोष्ट सांगत नेणाऱ्या गाड्या यांचा भरणा आहे. पोटात गोळा आणणाऱ्या राईड आहेतच, पण बसून बघण्यासारखंही खूप आहे. सत्तरीच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

१. आधी माणसं मांडा, मग राईड

घरातल्या प्रत्येकाचं नाव एका कागदावर लिहा. मुलांच्या नावापुढे उंची सेंटिमीटरमध्ये. मोठ्यांच्या नावापुढे गुडघे, पाठ, मान, बीपी, हृदयाचा त्रास, चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर तेही. कोणी गरोदर असेल तर ते आधी माहीत असायला हवं. ऐन राईडच्या दारात सगळ्यांसमोर हा विषय निघाला की त्या बाईची पंचाईत होते.

मुलांची उंची घरीच भिंतीला टाचा टेकवून, बूट काढून मोजा. वयावर जाऊ नका. पार्कमध्ये जवळजवळ प्रत्येक राईडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते आणि तिथला कर्मचारी वय विचारत नाही. अर्ध्या तासाच्या रांगेनंतर ते पोर पट्टीखाली उभं राहतं, मान ताणतं, हळूच टाचा उचलतं. कर्मचारी हसत त्याच्या डोक्यावर हात ठेवतो, टाचा खाली येतात आणि पट्टी दोन बोटं वर राहते. त्यानंतरचं रडणं तासभर पुरतं. हे टाळायचं असेल तर आदल्या रात्री पार्कच्या वेबसाइटवरची राईडची यादी मुलाला शेजारी बसवून वाचा. कोणती राईड आपली आणि कोणती पुढच्या वर्षीची, हे त्यालाच ठरवू द्या. घरी कळलेला नकार मुलं फार पटकन पचवतात.

त्याच वेळी कोणत्या राईड सध्या चालू आहेत तेही बघा. देखभालीसाठी एखादी बंद असू शकते, आणि एकाच राईडच्या आशेवर भाचा आला असेल तर त्याला आधी कळलेलं बरं.

२. दिवस कोणता?

शाळा चालू असतानाचा मधला वार, मंगळवार ते गुरुवार, सर्वांत चांगला. अपवाद डिसेंबर-जानेवारीचा. तेव्हा मधल्या वारीही शाळांच्या सहली असतात. बसच्या बस रिकाम्या होतात आणि एकाच गणवेशातली दोनशे मुलं तुमच्या पुढे रांगेत असतात. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिन्याचे शनिवार-रविवार आजी-आजोबांना घेऊन टाळाच.

खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. जून ते सप्टेंबर तिथला पाऊस साधा नसतो. जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात, आणि ते योग्यच आहे. पण पावसाळ्याचा एक फायदा आहे. ऊन नसतं, डोंगर हिरवे असतात आणि आतल्या राईड चालूच असतात. घरात ज्येष्ठ आणि अगदी लहान मुलं जास्त असतील, मोठी रोलर कोस्टर कोणालाच नको असेल, तर पावसाळ्यातला मधला वार मला वाईट वाटत नाही. मार्च ते मेमध्ये मात्र दुपारी बारा ते चार फरशी तापते. गणपती झाल्यावर दिवाळीच्या आधीचे दिवस आणि फेब्रुवारी हे माझे आवडते.

३. तिकीट काढताना

तिकीट पार्कच्या अधिकृत वेबसाइटवरूनच काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'पन्नास टक्के सूट'च्या लिंकवर पैसे भरू नका. दर वाराप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून मी इथे आकडे देत नाही. लहान मुलांचं तिकीट उंचीवरून ठरतं, तेव्हा पहिल्या पायरीतला कागद इथे कामाला येतो. ज्येष्ठांसाठी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर त्या दिवशी आहे का ते बघा. असेल तर ओळखपत्र मूळ लागतं.

थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची तिकिटंही वेगळी. नवखी माणसं हमखास चुकतात ती इथेच. एकत्र घेतलं तर स्वस्त दिसतं म्हणून थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच दिवसात घेतात. मग सकाळी राईड, दुपारी पाणी, कपडे बदलण्यात दीड तास, आणि संध्याकाळी सगळे थकून एकमेकांवर चिडलेले. तीन पिढ्या असतील तर एका दिवसात फक्त थीम पार्क. पाण्याची हौस असेल तर मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी जा. वॉटर पार्कमध्ये नायलॉनचे किंवा लायक्राचेच कपडे चालतात, सुती नाही. साडीत पाण्यात उतरू देत नाहीत, हे सासूबाईंना घरीच सांगा.

रांग टाळणारं एक्स्प्रेस तिकीटही मिळतं. ते सगळ्यांसाठी घेऊ नका. गर्दीच्या दिवशी भाच्यासारख्या राईडवेड्या एक-दोघांसाठी घेतलं तर पैसे वसूल होतात. आजोबा दिवसभरात पाच-सहा गोष्टी करणार, त्यांना त्याचा उपयोग नाही.

४. सोबत काय घ्याल

- तिकिटाची मोबाइलमधली प्रत, आणि एक छापील
- ज्येष्ठांचं आणि विद्यार्थ्यांचं मूळ ओळखपत्र, लहान मुलांचं आधार
- रोजची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मधुमेह असेल तर साखरेची गोळी किंवा खडीसाखर
- गाडी लागते अशांसाठी उलटीची गोळी, प्रवासाआधी घ्यायची
- टोप्या, पातळ रेनकोट, प्रत्येकी एक जादा टी-शर्ट, मुलांसाठी जादा चड्डी-मोजे
- चष्म्याला मागून बांधायची दोरी
- पॉवर बँक, थोडी रोकड
- पट्ट्याची, पायात घट्ट बसणारी पादत्राणं

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. पाय अधांतरी राहणाऱ्या राईडवर सैल चपला काढून ठेवाव्या लागतात. साडी नेसणाऱ्या बायकांनी एक दिवस पंजाबी ड्रेस घातला तर निम्म्या राईड खुल्या होतात. ओढणी मात्र गाडीतच ठेवा, फिरत्या यंत्राजवळ ओढणी धोक्याची.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं चालतात. तेव्हा पोहे-पराठे करून आणलेच असतील तर ते गाडीतून उतरण्याआधी संपवा. पथ्य असेल तर तसं गेटवर स्पष्ट सांगा.

आणि आत शिरल्याबरोबर लॉकर घ्या. दिवसाच्या खर्चात ही रक्कम किरकोळ आहे, पण त्यामुळे बाकावरचा राखणदार मोकळा होतो. लॉकर न घेतलेल्या कुटुंबात कोणी तरी एक जण राईड चुकवतोच, आणि तो 'कोणी तरी' नेहमी आजोबा किंवा घरची सून असते.

५. पोहोचणं

पत्ता सांगडेवाडी, खोपोली-पाली रस्ता, तालुका खालापूर. मुंबई आणि पुण्याहून येणारे दोघेही एक्स्प्रेसवेवरून उतरून पाली फाट्याकडून आत येतात. गाडी नसेल तर मध्य रेल्वेची कर्जत-खोपोली लोकल आहे आणि खोपोलीहून पुढे रिक्षा. पण ज्येष्ठांना घेऊन लोकल बदलत जाण्यापेक्षा गाडी केलेली बरी.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: 'वाटेत अष्टविनायकांतले दोन करून घेऊ का?' महडचा वरदविनायक खोपोलीच्या जवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर याच रस्त्यानं पुढे, म्हणून मोह होतो. जाताना दर्शन केलंत तर पार्कला पोहोचेपर्यंत दुपार होते आणि तिकिटाचा निम्मा दिवस गेलेला असतो. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाली करा. आजी-आजोबांना हा बेत आधी सांगितलात तर ते पार्कला यायला पटकन तयार होतात, हा माझा अनुभव आहे.

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचा. पुण्याहून घाट उतरताना मुलांना गाडी लागते, म्हणून निघण्याआधी भरपेट नाष्टा नको.

६. पहिले दोन तास कोणाचे?

मोठ्या राईडवाल्यांचे. कारण सकाळी त्यांच्या रांगा सर्वांत लहान असतात आणि पोटात जेवण नसतं. नायट्रो ही इथली सर्वांत मोठी रोलर कोस्टर, स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड मॅबिलार्ड कंपनीनं बनवलेली. उंची सुमारे ४० मीटर, पायाखाली फळी नाही, आणि पाच वेळा माणूस उलटा होतो. भाच्याला दार उघडल्याबरोबर तिकडे सोडा. त्यानंतर डी-टू डेअर ड्रॉप, म्हणजे उंच खांबावर नेऊन एकदम खाली सोडणारी राईड, आणि स्क्रीम मशीन, हा अवाढव्य लंबक. डीप स्पेस ही बंद अंधारात धावणारी कोस्टर आहे. बाहेरून भीती वाटत नाही म्हणून मानेचं दुखणं असलेले लोक आत जातात. जाऊ नका, ती सुटतानाच हिसका देते.

याच वेळात आई किंवा बाबा यांपैकी एकानं लहान मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन छोट्या राईडकडे जावं. जादूचं मेरी-गो-राउंड, गरगर फिरणारे चहाचे कप, उडणाऱ्या हत्तीची टबी टेक्स ऑफ. मेरी-गो-राउंडवर घोड्यांबरोबर बसायला बाकडं आहे का बघा; असेल तर आजी त्यावर आणि नातू शेजारच्या घोड्यावर बसू शकतात. चहाच्या कपात मात्र ज्येष्ठांना बसवू नका. दिसायला गोंडस आणि चक्कर आणण्यात पटाईत.

७. दुपार: सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टी

उन्हाच्या वेळी, साधारण बारा ते चार, छताखालच्या गोष्टी ठेवा. माझ्या मते तीन पिढ्यांचा खरा दिवस हाच.

आय फॉर इंडिया सगळ्यांत वर. समोर भलामोठा पडदा, तुमची खुर्ची जागेवरून उचलली जाते, पाय लोंबकळतात आणि तुम्ही भारतभर उडत निघता. पट्टा बांधलेला असतो, हिसके नसतात. ज्या आजोबांना आता गुडघ्यांमुळे यात्रा-प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी यासारखं दुसरं काही नाही. फक्त ज्यांना उंचीची भीती किंवा चक्करचा त्रास आहे त्यांनी डोळे मिटायची तयारी ठेवावी. डोळे मिटले की हालचाल जवळजवळ जाणवत नाही. असं का होतं ते मुलांना सांगा, त्यांना आवडतं. डोळे सांगतात 'आपण उडतोय', कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो 'आपण जागेवर आहोत', आणि या दोघांच्या भांडणात मळमळतं.

याच कारणानं मिस्टर इंडियाच्या राईडबद्दल सावध राहा. तीही पडद्यासमोर बसूनच आहे, पण तिथे आसनं जोरात हलतात. पाठीचं, मणक्याचं दुखणं असेल तर नको. 'बसूनच तर आहे' असं म्हणून ज्येष्ठांना आत नेणं हा इथला सर्वांत मोठा सापळा आहे. नियम असा ठेवा: बसायचं आहे का, एवढं विचारून थांबू नका, आसन हलतं का, किती हलतं, हे दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारा. ते नीट सांगतात.

अलिबाबा और चालीस चोर मला आजी-नातवांची राईड म्हणून सर्वांत जास्त आवडते. छोटी गाडी रुळावरून गुहेतून सावकाश जाते, प्रत्येकाच्या हातात बंदूक असते, चोरांवर नेम धरायचा आणि गुण मोजले जातात. सासूबाई पहिल्यांदा 'मला कुठे जमतंय' म्हणत बंदूक मांडीवर ठेवून बसल्या. दुसऱ्या वळणावर एक चोर रांजणातून वर आला आणि नातू ओरडला, "आजी, मार ना!" त्यांनी एका डोळ्यानं नेम धरला, दिवा लागला, आणि मग बाहेर येईपर्यंत त्या कोणाशी बोलल्या नाहीत. शेवटी आकडे बघितले तर नातवाच्या पुढे. इथे उंची, ताकद, वय काही आडवं येत नाही. आठ वर्षांचा आणि अडुसष्ट वर्षांची बरोबरीनं खेळतात. असा खेळ एकदा खेळून थांबू नका, रांग कमी असेल तर परत जा.

सलीमगढ ही भुताची राईड. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना आणि घाबरट स्वभावाच्या कोणालाही आग्रह करू नका. रात्री त्याच मुलाला तुम्हालाच झोपवायचं आहे. लहानांसाठी डिटेक्टिव्ह बो-वाव हा कुत्र्याचा खेळ आहे. थंड खोलीत बसून हसायचं, आजोबांना तिथे डुलकी लागली तरी चालेल.

राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर उन्हाच्या शेवटी, साडेतीनच्या सुमारास घ्या. होडी डायनासोरांमधून जाते आणि शेवटी धबकन खाली येते. भिजायला होतंच, जादा टी-शर्ट त्यासाठी. मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा: राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही. त्याचे जीवाश्म गुजरातमध्ये सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं नाव दिलं. आपल्या नर्मदेच्या नावाचा डायनासोर आहे म्हटल्यावर माझा मुलगा रांगेत अर्धा तास प्रश्न विचारत राहिला आणि रांग कधी संपली ते कळलं नाही. होडीचा शेवटचा उतार ज्यांच्या पाठीला झेपणार नाही त्यांना होडी खाली येते तिथे उभं करा. बाकीचे भिजून येताना बघण्यातही मजा असते. फक्त पाण्याच्या टप्प्यापासून लांब.

जेवण साडेअकरा-पावणेबाराला किंवा थेट अडीचला. एक वाजता सगळा पार्क जेवायला येतो. मधुमेही माणसाचं जेवण लांबवू नका, त्यांच्यासाठी लवकरचीच वेळ. बसून जेवायच्या ठिकाणी ज्येष्ठांची पाऊण तास विश्रांतीही होते, म्हणून उभ्यानं वडापाव खाऊन वेळ वाचवायचा मोह आवरा.

८. वेगळे व्हा आणि ठरल्या वेळी भेटा

'आलोय एकत्र तर राहायचंही एकत्र' हा हट्ट सोडा. सात-आठ माणसं एका चालीनं फिरली की सर्वांत वेगवान माणूस वैतागतो आणि सर्वांत सावकाश माणूस ओशाळतो. दोन-तीन तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत एक चालता-बोलता मोठा माणूस आणि एक चार्ज केलेला फोन. भेटायच्या वेळा तीन: जेवण, दुपारी चारचा चहा, संध्याकाळची मिरवणूक. जागा अशी ठरवा की लांबून दिसेल आणि छताखाली असेल. अमुक दुकानासमोर असं सांगू नका, दुकानं सारखी दिसतात.

लहान मुलांच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आजोबांच्याही ठेवा. फोन असतो पण गोंगाटात वाजलेला ऐकू येत नाही.

कॉलेजच्या वयाच्या मुलांना मोकळं सोडा. ठरल्या वेळी आली तर त्यांना तिसऱ्या तुकडीत एकदा आजीला घेऊन जायची जबाबदारी द्या. आमचा भाचा सासऱ्यांना गोल्ड रश एक्स्प्रेसवर घेऊन गेला होता. ती कुटुंबासाठीची बेतशीर कोस्टर आहे, उलटी होत नाही. अर्थात सासऱ्यांना बीपी नाही, पाठ ठणठणीत, आणि डॉक्टरांना विचारून ठेवलेलं होतं.

९. रांग, व्हीलचेअर आणि अदलाबदल

ज्येष्ठांना राईड थकवत नाही, रांग थकवते. दिवसभरात किती चालणं होतं याचा अंदाज घरी येत नाही. म्हणून व्हीलचेअर सकाळीच घ्या, पाय दुखायला लागल्यावर नको. 'मी काय आजारी आहे का?' हे उत्तर येणारच. त्यावर वाद न घालता ती पिशव्या ठेवायला म्हणून सोबत घ्या. दुपारपर्यंत पिशव्या खाली आणि आजोबा वर असतात. तान्ह्या मुलांसाठी ढकलगाडीही मिळते.

लहान मूल असलेल्या जोडप्यांनी आणखी एक विचारायचं. जगभरातल्या बऱ्याच पार्कांत अदलाबदलीची सोय असते: बाबा राईडवर, आई बाळाजवळ, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता आई राईडवर. इथे त्या दिवशी त्या राईडवर चालेल का, ते दारावरच्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर निदान गर्दी कमी असताना दोघांची पाळी लावा. बाळ झालं म्हणून आईनं दिवसभर फक्त फोटो काढावेत, हे मला मान्य नाही.

१०. संध्याकाळ आणि परतीचा रस्ता

संध्याकाळी मिरवणूक निघते, नाचगाण्यांची, सजवलेल्या गाड्यांची. तिची वेळ सकाळीच विचारून ठेवा. अर्धा तास आधी आजी-आजोबांना पुढची, बसायची जागा धरून द्या आणि या वेळी पिशव्यांजवळ तुम्ही बसा. मुलांना खांद्यावर घेऊन मागे उभं राहिलं तरी दिसतं.

मिरवणूक संपली की सगळे एकदम बाहेर पडतात. लॉकर त्याआधीच रिकामा करा. गाडी कुठे लावली त्याचा सकाळी फोटो काढलेला असेल तर अंधारात शोधाशोध होत नाही.

गाडी चालवणाऱ्यानं चारच्या चहानंतर गरगर फिरवणारी किंवा पडद्यासमोरची राईड घेऊ नये. पुण्याकडे परतणार असाल तर रात्रीचा घाट चढायचा असतो, आणि मळमळ कधी कधी तासा-दोन तासांनी डोकं वर काढते. ज्येष्ठांच्या रात्रीच्या गोळ्या लॉकरमधल्या पिशवीत न ठेवता गाडीतल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे वाटेत वाहतूक तुंबली तरी वेळेवर घेता येतील.